आवाज मोठा करायची रीत

आमच्या मजल्यावर तीन बिऱ्हाडं. जिन्याच्या तोंडाशी आमचं, मधलं काजवाल्या मावशींचं, आणि गॅलरीच्या टोकाला एक खोली, जिथे दर दोन-तीन वर्षांनी नवे भाडेकरू येतात. मावशींची आणि आमची भिंत एकच, तीही एका विटेची. तिकडे कपात चमचा फिरला तरी इकडे कळायचं. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी 'तुम्हाला ऐकूच आलं नसेल हो' अशी पळवाट मला काढून देऊ नये. ऐकू येत होतं. सगळं ऐकू येत होतं.

मावशी कोटांची काजं करायच्या. टेलर गाठोडं पाठवायचा. त्या खिडकीशी बसून खडूच्या खुणेवर चीर द्यायच्या, मेणावरून दोरा ओढायच्या आणि चिरेच्या कडेने गाठीगाठीचा टाका घालत जायच्या. एका काजाला पाव तास. मशीनची काजं आली तेव्हा टेलरने हाताने काजं करणाऱ्या बाकीच्या बायकांना नारळ दिला, मावशींना मात्र ठेवलं. "कोट फाटेल, पण मावशींचं काज उसवायचं नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. मावशी म्हणायच्या, "एवढं कौतुक आहे तर दर वाढव म्हणावं. जिभेला काय, फुकटचं माप."

बोलायला अशा फटकळ. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. दोन माणसांची तार जोडायची आणि त्यांचं बोलणं कानावर पडलं तरी पडलं नाही असं धरायचं, हा माझा पगारी धंदा. मावशी विचारायच्या, "दिवसभर जगाच्या तारा जोडतेस, तुझी नि तुझ्या नवऱ्याची लागते का कधी? की तोही एंगेज?" आमचे हे शेजारी बसलेले असले तरी विचारायच्या. मग हे पेपरात आणखी खोल जायचे.

मावशींचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरभरच्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेलेल्या, आणि स्वतः राहायचे बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. यावरून सगळे त्यांना चिडवायचे आणि तेही हसायचे. इमारतीत पाण्याची मोटर बिघडली की काका. कुणाचं कुलूप अडकलं की काका. माझ्या सासूबाईंना दम्याचा झटका आला तेव्हा त्यांना पाठीवर घेऊन तीन मजले उतरले तेही काकाच. एका पैशाला हात लावायचे नाहीत. माणूस लाखात एक, असं सगळे म्हणायचे. फक्त घरात जरा तापट, हे त्याच दमात पण हळू आवाजात म्हणायचे.

लग्न होऊन मला आठच दिवस झाले होते. संध्याकाळी सातचा सुमार, मी भाजी चिरत होते. भिंतीपलीकडे काहीतरी धातूचं आपटलं, मग काकांचा आवाज आला, मग मावशींचा. तो आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही. माझ्या हातातली सुरी थांबली. सासूबाईंनी हात पुसले, शेल्फावरच्या रेडिओचा कान पिळला आणि आवाज मोठा केला. वरच्या मजल्यावर रेडिओ मोठा झाला. खालीही झाला. मला आपलं वाटलं, सगळ्यांच्या आवडीचा काही कार्यक्रम असेल.

"त्यांच्याकडे सुरू झालं की आपण आवाज मोठा करायचा," सासूबाई म्हणाल्या.

"पण कोणी जायला नको का?"

"जाऊन काय करणार? नवरा-बायकोच्या भांडणात पडलं की दोघांच्याही शिव्या खायच्या. आणि तिला उद्या आपल्याला तोंड दाखवायचंय ना? आपण ऐकलंच नाही म्हटल्यावर तिला मान वर करून चालता येतं. शेजारधर्म असतो गं हा. शिकशील हळूहळू."

सासूबाई वाईट नव्हत्या. मला त्या कधी टाकून बोलल्या नाहीत, आणि मी आजारी पडले की रात्ररात्र उशाशी बसायच्या. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण त्या बाईची अब्रू झाकतोय. इमारतीत सगळ्यांनाच तसं वाटायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि ती मूठ कोणाच्या पाठीत बसते, हे विचारायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी सुई मागायला आल्या. उकाड्याचे दिवस आणि अंगात मनगटापर्यंतच्या बाह्या. सासूबाईंनी त्यांना चहा दिला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. जाताना दारात थांबून मावशी मला म्हणाल्या, "काल तुमच्याकडे शेवटचं गाणं कुठलं लागलं होतं गं? सुरुवात छान वाटली. मग मला नीट ऐकूच येईना."

मी नाव सांगितलं. माझं वय तेव्हा बावीस, आणि त्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. मावशींनाही रीत ठाऊक होतीच. वर कंपाउंडरच्या घरी वादावादी झाली की त्याही आपला रेडिओ मोठा करायच्या. त्यांच्या रेडिओचा तो कान पुढे पुढे इतका झिजला की पकडीने फिरवावा लागायचा.

इमारतीत कुठलीही नवी सून आली की तिला मावशींचा दाखला दिला जायचा. किती सोशिक! तोंडातून ब्र काढत नाही. मलाही दिला गेला. आमचं कशावरून तरी वाजलं आणि मी दोन दिवस अबोला धरला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बघ जरा शेजारी. याला म्हणतात संसार." मावशींना या कौतुकाची चांगली कल्पना होती. एकदा मला म्हणाल्या, "मला एक बिल्ला तरी द्या म्हणावं. कोटाला लावीन." आणि हसल्या. मीही हसले. काय करणार, विनोद चांगला होता.

त्यांचं मनगट एकदा मोडलं. दोन महिने टेलरचे कोट रखडले. तो स्वतः तीन मजले चढून आला, प्लास्टरकडे बघून म्हणाला, "मावशी, जिना जरा बघून उतरत जा." त्यालाही माहीत होतं. जिना आमच्या इमारतीत सगळ्यात बदनाम झालेला; मावशी एवढ्या वेळा कधी त्याच्यावरून गेल्याही नसतील, जेवढ्या वेळा पडल्या असं आम्ही धरलं.

एकदाच त्या बाहेर आल्या. मला लग्न होऊन आठ वर्षं झाली होती. आमच्या दारावर थाप पडली, मी उघडलं, आणि मावशी अनवाणी आत आल्या. केस सुटलेले, ओठ फाटलेला. सासूबाईंनी एक शब्द विचारला नाही. त्यांना खाली बसवलं, ओठाला थंड पाणी लावलं, चहा दिला, आणि मागे बसून त्यांचे केस विंचरले. अगदी सावकाश, गुंता न ओढता. घट्ट वेणी घालून दिली. मग त्यांचा हात धरून उठवलं आणि म्हणाल्या, "चल. शांत झाला असेल तो आता." मी दाराशी उभी होते. मावशींनी जाताना माझ्याकडे बघितलं. मी दार धरून बाजूला झाले, त्यांना जायला जागा करून दिली.

सव्वीस वर्षांत मी केलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये ही मला जास्त टोचते. रेडिओचं काय, रेडिओ सगळेच मोठा करायचे. दार मी एकटीने धरलं होतं.

सासूबाई गेल्या, तरी रेडिओ त्याच शेल्फावर राहिला आणि रीतही राहिली. आमच्या ह्यांना इमारतीचं सेक्रेटरी केलं. हे स्वभावाने गरीब, माझ्यावर कधी हात सोडाच, बोटही उगारलं नाही. पण भिंतीपलीकडे सुरू झालं की डोळे न उचलता म्हणायचे, "जरा आवाज मोठा कर." मी करायचे. माझा हात सवयीने जायचा, दिव्याच्या बटणाकडे जातो तसा.

मग काका गेले. कामावर असतानाच छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात आटोपलं. सगळी इमारत रडली. मावशी रडल्या का, हे मला सांगता येणार नाही. त्या खिडकीशी बसून होत्या आणि बायका त्यांना भेटून जात होत्या. "चांगला माणूस होता," प्रत्येक जण म्हणे. मावशी दर वेळी मान डोलवत होत्या.

त्यानंतर मावशींचं एकटेपण सुरू झालं, असं लिहायचा मोह होतो. खरं म्हणजे ते आधीपासूनच होतं. काका गेल्यावर ते नुसतं शांत झालं. मूलबाळ नव्हतं. माहेरी कोणी उरलं नव्हतं. सकाळी गाठोडं सोडायच्या, संध्याकाळी बांधायच्या. पूर्वी त्या जिन्यावरच्या पावलांवरून ओळखायच्या की आजची संध्याकाळ कशी जाणार आहे. पावलं जड पण सरळ असली तर ठीक. दुसऱ्या मजल्यावर थांबून परत चढायला लागली तर ठीक नाही. काका गेल्यानंतरही पावणेसात झाले की त्यांची सुई थांबायची. मी एकदा समोर बसले होते तेव्हा बघितलं. कोणीतरी जिना चढत वर गेलं, वरचं दार लागलं, आणि मग सुई पुढे निघाली.

"सवय," त्या म्हणाल्या. "मेलं कानाला कोणी कळवलंच नाही."

आणि आमच्याही कानाला कळवायचं राहून गेलं होतं.

काकांना जाऊन पाच महिने झाले होते. रविवार, पावणेअकरा. मावशी काकांची हत्यारांची पेटी फळीवरून काढायला स्टुलावर चढल्या. पेटी कुणाला तरी द्यायची होती. स्टूल कलंडलं. पेटी, स्टूल आणि मावशी एकदमच खाली आल्या. इकडे मी कणीक मळत होते. मला काय ऐकू आलं? आधी धातूचं काहीतरी आपटलं आणि पाठोपाठ मावशींची किंकाळी. पिठाच्या हाताने मी रेडिओचा कान पिळला. वर कंपाउंडरकडे टीव्ही मोठा झाला. खालीही काहीतरी मोठं झालं.

मावशींनी हाका मारल्या. माझ्या नावानेही मारल्या. मग पेटीतून सांडलेला एक पाना त्यांच्या हाताला लागला आणि त्या भिंतीवर ठोकू लागल्या. मी आवाज आणखी वाढवला. मला राग आला होता, हेही सांगून टाकते. रविवारची सकाळ, माणसाने चार घास सुखाने खावेत, तर यांचं हे.

आम्ही जेवायला बसलो. ठोके पडत होते, आता थांबून थांबून. मी म्हटलं, "आज फारच चाललंय त्यांचं."

"हं," हे म्हणाले.

जेवण झालं. हे मोरीत हात धुवायला गेले. पाणी वाहत राहिलं. मग नळ बंद झाला आणि हे तसेच ओले हात घेऊन बाहेर आले.

"कुणाचं चाललंय?" ह्यांनी विचारलं.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

दाराची कडी आतून होती. ह्यांनी खांद्याने दार पाडलं. या माणसात एवढा जोर आहे हे मला त्या दिवशी कळलं. मावशी भिंतीला टेकून पडल्या होत्या, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला, पाना मुठीत. भिंतीचं प्लास्टर ताटाएवढं उडालं होतं. मी त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसले. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "आधी तो रेडिओ बंद कर."

इस्पितळात त्यांच्या खुब्यात सळई घातली. डॉक्टर तरुण होता. फोटो उजेडात धरून त्याने मला बोलावलं. "हे मनगट कधी मोडलं होतं? आणि या दोन बरगड्या? आणि हे खांद्याचं हाड?"

मी फोटोतल्या मनगटाकडे बघितलं.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"शेजारी."

"किती वर्षं?"

"सव्वीस."

तो माझ्याकडे बघत राहिला. काही बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने फोटो पाकिटात घातला आणि पुढच्या पेशंटकडे गेला. नंतर एक नर्स येऊन मावशींना खोदून खोदून विचारायला लागली, घरात कोण मारतं, घाबरू नका, सांगा. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, स्टुलावरून पडले." नर्सने मान हलवली, असं तिने खूप ऐकलं असणार. ती गेल्यावर मावशी दुखत असतानाही हसल्या. "सव्वीस वर्षं खोटं सांगितलं, सगळ्यांना पटलं. आज खरं सांगतेय तर मेलं कुणाला पटेना."

घरी आल्यावर त्या वॉकर घेऊन चालायला लागल्या. टक्, घसर, टक्, घसर. आमचं एक ठरलं: भिंतीवर तीन ठोके म्हणजे ये. पाना त्यांनी उशाशी ठेवला. पेटी दिली कुणाला तरी, तेवढा पाना ठेवला. मी रोज दोन वेळा जायचे. त्या दिवसाबद्दल मी माफी मागितली तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोरा ओव." मी दोरा ओवून दिला. माफी दिली की नाही ते मला आजही माहीत नाही.

त्याच सुमाराला टोकाच्या खोलीत नवं जोडपं आलं. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला, मुलगा गाडीवरून पार्सलं पोचवायचा. हसरा, जिन्यात भेटला की पिशवी हातातून घ्यायचा. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी त्यांच्याकडे सुरू झालं. वर टीव्ही मोठा झाला, खाली मोठा झाला. आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रेडिओला हात लावला नाही. पण जागची हललेही नाही. तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला. टक्, घसर. टक्, घसर.

मी दार किलकिलं केलं. मावशी टोकाच्या दाराशी पोचल्या होत्या. बगलेत कोट, हातात पाना. पान्याने त्यांनी दार ठोकलं. मुलाने उघडलं.

"काय मावशी?"

"चालून चालून दमले रे. बसू दे जरा."

पाय मोडलेल्या म्हाताऱ्या बाईला नाही कसं म्हणणार? त्याने खुर्ची दिली. मावशी आत बसल्या आणि काज करायला लागल्या. मुलीशी बोलल्या नाहीत, त्याला उपदेश केला नाही. दोन काजं होईपर्यंत बसल्या. तो कंटाळून आडवा झाला आणि त्याला झोप लागली, तेव्हा उठून आल्या.

पुढच्या वेळीही गेल्या. त्याच्या पुढच्याही. ते सुरू व्हायचं आणि गॅलरीत टक्, घसर सुरू व्हायचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर इमारतीत कुजबुज चालली. मग आमच्याच घरात बैठक भरली, कारण सेक्रेटरी आमचे. कंपाउंडर म्हणाला, "दुसऱ्याच्या संसारात हे काय नाक खुपसणं? उद्या तो खोली सोडून जाईल, इमारतीचं नाव खराब होईल." कुणी म्हणालं, पडल्यापासून मावशींचं डोकं ठिकाणावर नाही. कुणी म्हणालं, स्वतः एवढी वर्षं गप्प बसली आणि आता म्हातारपणी हा शहाणपणा. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तुमचं ऐकतील, तुम्हीच सांगा.

मी सांगायला गेले, हे लिहिताना लाज वाटते, पण गेले. मावशी खिडकीशी होत्या. मी अर्धं बोलले तेवढ्यात त्यांना सगळं कळलं.

"गप्प होते तेव्हा शहाणी होते, नाही का?" त्या म्हणाल्या. मग दोरा दाताने तोडून म्हणाल्या, "तुझ्या सासूनं एकदा माझे केस विंचरले होते. आठवतं?"

"आठवतं."

"माझ्या आईनंसुद्धा इतक्या मायेनं कधी विंचरले नव्हते. आणि मग हात धरून परत नेऊन सोडलं. तिनं शिव्या देऊन हाकललं असतं ना, तर मी दुसरं दार वाजवलं असतं. पण एवढी माया करणारी बाईसुद्धा परत नेऊन सोडते म्हटल्यावर मी कुणाचं दार वाजवणार होते गं?"

त्यांनी कोट बाजूला ठेवला.

"त्या पोरीकडे मी जाते ते त्याला सुधारायला नाही. तिला कळावं म्हणून, की ऐकू येतंय. तेवढंच. पण मी एकटी. आज ना उद्या तो मला दाराबाहेर काढेल. दोघी असलो तर नाही काढणार. येशील?"

"बघते," मी म्हटलं.

आपल्याकडे 'बघते' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. मावशींनाही होतं. त्यांनी कोट परत मांडीवर घेतला.

पुढे महिनाभरात त्यांच्या खुब्याची जखम चिघळली. पंधरा दिवस पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरने बजावलं. वॉकर कोपऱ्यात उभा राहिला. ही बातमी गॅलरीच्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी, सातच्या आतच, टोकाच्या खोलीत सुरू झालं. या वेळी आवाज दाबायचीही तसदी नव्हती.

वर टीव्ही मोठा झाला. खाली मोठा झाला. मी स्वयंपाकघरात उभी होते, शेल्फावरचा रेडिओ हाताच्या अंतरावर. भिंतीवर तीन ठोके पडले.

मी धावत मावशींकडे गेले. वाटलं, पुन्हा पडल्या. त्या पलंगावरच होत्या, उशीला टेकून. चेहरा पांढरा पडला होता.

"मला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "तिकडे जा." आणि पाना माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला. घेतला म्हणजे काही शूर झाले नाही. त्यांच्या हाताला तो धरवत नव्हता, खाली पडला असता. बाहेर आले. मावशींच्या दारापासून टोकाच्या दारापर्यंत वीस-बावीस पावलं असतील. एवढी वर्षं त्या गॅलरीत कपडे वाळत घातले, पण ती इतकी लांब आहे हे मला माहीत नव्हतं. कुणाच्याही दारात कोणी नव्हतं. वर-खाली प्रत्येक दारामागे काहीतरी जोरजोरात वाजत होतं, कुठे गाणी, कुठे बातम्या, आणि त्या सगळ्या गोंगाटात त्या मुलीचा आवाज बुडत होता. बाहेर उभं राहून आपली रीत कशी ऐकू येते, ते मी पहिल्यांदाच ऐकलं. घरं माणसांनी भरलेली होती, आणि मी दार वाजवून बोलावलं तर येईल असं एकही माणूस मला आठवेना. मावशींना सव्वीस वर्षं हेच ऐकू येत होतं.

निम्म्यात पोचले आणि पाठीमागे आमच्या घरातला रेडिओ मोठा झाला. मी वळून बघितलं नाही. आमचे हे मला हाक मारायला बाहेर येऊ शकले असते. त्यांनी रेडिओचा कान पिळला. मला तेव्हा त्यांचा राग आला नाही. फार एकटं वाटलं, एवढंच.

मी पान्याने दार ठोकलं. आतला आवाज थांबला. "मावशी, आज तरी पडून राहा की घरी," तो आतूनच ओरडला. मी पुन्हा ठोकलं. मग पुन्हा. बराच वेळ काही झालं नाही. मग कडी निघाली आणि दार चार बोटं उघडलं. फटीत मुलीचा अर्धा चेहरा दिसला. एक डोळा सुजून मिटला होता. बाहेरच्या उजेडात तिला मी नीट दिसत नसावे.

"मावशी?" तिने हळूच विचारलं.

मी पाय फटीत घातला.

"नाही गं," मी म्हटलं. "मी शेजारीण."